पेटीबाहेरची शिवराई

गोदावरीकाठच्या आमच्या कोपरगावात जुन्या नाण्याची पहिली भेट ग्रंथांपेक्षा देव्हाऱ्यातच अधिक होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री हळदकुंकू वाहिलेला राणीछाप रुपया, नांगरटीत वर येऊन कोणाच्या तरी फळीवर विसावलेले तांब्याचे नाणे, आजीच्या बटव्याच्या तळाशी सुपारीच्या संगतीने काळवंडलेली शिवराई, ही सारी हातांनी झिजवलेली आणि झिजता झिजता घरचीच होऊन गेलेली धने. तीच शिवराई जेव्हा कठीण, पारदर्शक प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत, माथ्यावर क्रमांक आणि गुणांक यांची चिठ्ठी धारण करून टपालाने येते, तेव्हा तिच्या दर्शनाने आनंद होतोच. परंतु तिच्याशी ओळख काही केल्या पुढे सरकत नाही. संग्राहक ज्याला स्लॅब म्हणतात त्या पेटीतून नाणे बाहेर काढावे की काढू नये, याविषयी दोन पक्ष आहेत. मी काढणाऱ्यांच्या पक्षाचा आहे, आणि तो पक्ष मी विचारान्ती घेतला आहे.

नाणी पेटीत बंद करण्याच्या प्रथेचा उगम अमेरिकेतला. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील आरंभीच्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी मापपट्टी बसवली. प्रत आणि किंमत यांचे प्रमाण ठरवणे हा तिचा मूळ हेतू होता. १९८६ मध्ये पीसीजीएस या संस्थेने त्रयस्थ परीक्षकांकडून नाणे तपासून, त्या पट्टीवरील गुणांकासह ते पेटीत बंद करून देण्याची व्यवस्था सुरू केली, आणि १९९१ मध्ये तिच्याच भगिनीसंस्थेने, म्हणजे पीएसएने, बेसबॉलपटूंच्या छायाचित्रांच्या कार्डांना तोच न्याय लावून, कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचे मध्यस्थान पाहून, दहापैकी गुण देण्यास आरंभ केला. पीएसएने तपासलेले पहिलेच कार्ड होनस वॅग्नर या खेळाडूचे होते. त्यास आठ गुण मिळाले, पुढे त्याची किंमत लाखो डॉलरांवर गेली, आणि त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या अशी कबुली त्याच्या एका पूर्वीच्या मालकाने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. गुणांक हा अखेर माणसांनीच दिलेला अभिप्राय असतो, हे त्या देशातील संग्राहक पुरते जाणतात. म्हणूनच कोणी अधिक गुणांच्या आशेने पुन्हा परीक्षेस धाडण्यासाठी, तर कोणी ते कार्ड वहीत त्याच्या संचातील सोबत्यांशेजारी लावण्यासाठी, आपल्या हाताने पेट्या फोडतात.

पेटीची निंदा करणे मात्र अन्यायाचे होईल. शिवराईच्या ओतीव नकला बाजारात फिरतात, आणि दुरून खरेदी करणाऱ्यास त्रयस्थाच्या साक्षीवाचून दुसरा आधार नसतो. घामातील क्षार तांब्यावर डाग पाडतात, हलक्या प्रतीच्या प्लॅस्टिकच्या पाकिटांतून हिरवा चिकट लेप चढतो, आणि तांब्याची भांडी चिंचेने लखलखीत करण्याच्या आपल्या गृहकृत्यदक्षतेपायी कित्येक नाण्यांची, शतकांनी चढवलेली तपकिरी कांती एका दुपारीत नाहीशी झालेली आहे. या सर्व आपत्तींपासून पेटी नाण्याचे रक्षण करते, आणि त्याबद्दल तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु शिवराई हे यंत्राचे अपत्य नाही. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर एका अंगास ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ ही अक्षरे मिरवीत निघालेले, आणि पुढे पेशवाईतही निरनिराळ्या टांकसाळींतून दीर्घकाळ पाडले गेलेले हे नाणे, तांब्याच्या चकतीवर ठसा ठेवून घणाच्या घावाने घडत असे. चकतीपेक्षा ठसा बहुधा मोठाच असल्यामुळे कोठे ‘श्री’ निसटे, कोठे ‘शिव’ कडेबाहेर जाई, आणि संपूर्ण लेख एकाच नाण्यावर उतरणे हा विरळा योग ठरे. अशा नाण्याची खरी ओळख त्याच्या वजनात, कडेच्या जाडीत आणि दगडावर टाकल्यावर उमटणाऱ्या नादात असते, आणि नेमक्या याच गोष्टी पेटी आपल्यापासून राखून ठेवते. सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशव्यांनी आपले अखेरचे दिवस ज्या परिसरात काढले, त्या कोपरगावच्या बाजारातील व्यवहार डोळ्यांपुढे आणावा: मनमाडपलीकडच्या चांदवडचा रुपया निराळा, अंकुशी निराळा, प्रत्येकाचा बट्टा निराळा, आणि सरकारी भरण्यातील प्रत्येक नाणे वाजवून, पारखून, मगच खजिन्यात जमा करणारा पोतदार. त्याची पारख त्याच्या बोटांत आणि कानांत असे, आणि चुकीची जबाबदारीही त्याच्याच शिरावर असे. पेटीतील गुणांक मला ती पारख करण्याच्या श्रमातून सोडवतो. पण त्या श्रमातूनच नाण्याशी जडणारे नाते मग जडायचे कोठे?

म्हणून मी पेटी उघडतो. तिची दोन शकले श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या कंपनाने सांधलेली असतात, त्यामुळे ती सहजासहजी विलग होत नाहीत. डोळ्यांवर चष्मा चढवून, जाड टॉवेलात पेटी गुंडाळून, नाण्यापासून दूरचा कोपरा प्रथम पकडीने चेपावा, सांध्याला चीर पडली की तीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून तो सावकाश पिळावा, आणि कडा एकेक करून सुटू द्याव्यात. घाई केली तर प्लॅस्टिकचा कपचा नाण्यावर ओरखडा काढून जातो. नंतर स्वच्छ धुऊन कोरडे केलेल्या बोटांनी, केवळ कडेला धरून, नाणे मऊ कापडावर घ्यावे. त्या क्षणी हाताला लागणारे वजन आणि कडेवरचा घावाचा खडबडीतपणा यांतून कोण्या अज्ञात कारागिराच्या मनगटाचे बळ जितके कळते, तितके काचेसारख्या भिंतीआडून कधीही कळले नव्हते.

नाण्यावर उमटलेला एखादा निवाडा अखेरचा असतो, असे इतिहासही म्हणत नाही. शेजारच्या सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. आजच्या मापपट्टीने ज्यास बिघाड म्हणावे, त्याच दुसऱ्या आघातामुळे पश्चिम भारतातील एका सत्तांतराचा सर्वांत विश्वसनीय पुरावा आपल्या हाती आला.

कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचे मंदिर आहे, आणि कचाने संजीवनी विद्या संपादन केली ती येथेच, अशी या भूमीची श्रद्धा आहे. गुरूच्या उदरात कोंडलेला कच तेथेच विद्या शिकला, उदर विदारून बाहेर आला, आणि बाहेर येताच त्याने पहिले कार्य केले ते गुरूला जिवंत करण्याचे. पेटी फोडणाऱ्यासाठी याहून थोर धर्मादेश मला ठाऊक नाही. म्हणून ज्या साक्षीने नाणे आपल्यापर्यंत निर्वेध पोहोचले ती चिठ्ठी फेकून देऊ नये. नाण्याचे वजन, व्यास आणि छायाचित्र यांच्यासह ती दप्तरी ठेवावी, आणि तिचा क्रमांक संस्थेस कळवून तेथील खानेसुमारीतून ते नाणे वजा करवून घ्यावे, म्हणजे एकच नाणे दोनदा मोजले जाऊन पुढील अभ्यासकाची दिशाभूल होणार नाही.

गुरुकन्या देवयानीचा शाप घेऊन निघालेल्या कचाला ती विद्या स्वतः कधी फळणार नव्हती. त्याने ज्यांना शिकवली त्यांनाच ती फळावयाची होती. पेटीबाहेर आलेले नाणेही ज्याने ते काढले त्याच्यासाठी नुसते बाळगण्याकरिता नसते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी प्रथम ते कडेला कसे धरावे हे शिकवतो, मग अर्धवट अक्षरे वाचायला लावतो, आणि गुणांक सांगण्याऐवजी त्यांनाच त्यांचे मत विचारतो. पोतदाराची ती नजर आणि ती जबाबदारी पुढल्या पिढीत उतरवण्याची ज्याची तयारी असेल, त्याने पेटी निःशंक मनाने उघडावी. ज्याची नसेल त्याने ती बंदच ठेवावी, आणि त्यातही नाण्याचे हितच आहे.