सबब न सांगणारी माणसं

चि. मनूस,



खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत तुझी निवड झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं आणि आमच्याकडे सगळ्यांना काय करू नि काय नको असं होऊन गेलं. मात्र मेरिट लिस्टमध्ये नंबर फार खाली लागला म्हणून तू खट्टू आहेस, हेही तिच्याकडूनच कळलं. ‘इतक्या खालून कोणी मोठं झालंय का?’ असं तू तिला विचारलंस म्हणे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या मामाला हा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकणं जमणार नाही, म्हणून हे पत्र.

उत्तरासाठी तुला अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी ॲकॅडमीत घेऊन जातो. तुझ्या प्रबोधिनीची कल्पना आकार घेत होती तेव्हा त्या वेळचे सरसेनापती ऑकिनलेक यांच्या समितीनं देशोदेशींच्या लष्करी संस्थांचा अभ्यास केला होता. तिन्ही दलांच्या छात्रांना एकत्र शिकवणारी संस्था हवी आणि तिथलं शिक्षण वेस्ट पॉइंटच्या धर्तीवर असावं, असं त्या समितीनं डिसेंबर १९४६ च्या अहवालात सुचवलं. पुढे ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी खडकवासल्याला कोनशिला बसवली. तेव्हा वेस्ट पॉइंटचं बरंवाईट तुला ठाऊक असायलाच हवं.

ही जागा मुळात किल्ल्याची. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदी एके ठिकाणी काटकोनात वळते आणि शिडाच्या जहाजांचा वेग तिथे मोडायचा. स्वातंत्र्ययुद्धात कॉस्च्युश्को नावाच्या पोलिश इंजिनिअरनं तिथली तटबंदी आखली. इंग्रजांची जहाजं अडवायला १७७८ मध्ये नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत अजस्र लोखंडी साखळी टाकली गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी, ज्याच्या ताब्यात हा किल्ला होता तो बेनेडिक्ट आर्नल्डच तो इंग्रजांना विकायला निघाला. कट फुटला म्हणून किल्ला वाचला. बाहेरचा शत्रू साखळीनं अडवता येतो, आतल्या फितुरीला साखळी पुरत नाही, हा धडा या जागेनं ॲकॅडमी सुरू होण्याआधीच घेतला होता. ॲकॅडमी सुरू झाली ती जेफर्सन राष्ट्राध्यक्ष असताना, १६ मार्च १८०२ रोजी. ही तारीख लक्षात ठेव, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

संस्थेला खरी घडी बसवली सिल्व्हेनस थेयर यांनी. १८१७ ते १८३३ इतका काळ ते प्रमुख होते. लहान लहान तुकड्या, गणितावर भर आणि प्रत्येक मुलानं रोज फळ्यापुढे उभं राहून आपला धडा स्वतः मांडायचा, ही त्यांची पद्धत. रोज गुण मिळायचे. मागच्या बाकावर लपून वर्ष काढायची सोयच नव्हती. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकवणारी ही पहिली संस्था. तिथून निघालेल्या अधिकाऱ्यांनी देशाच्या सुरुवातीच्या रेल्वेमार्गांची आणि बंदरांची आखणी केली. १९१४ मध्ये पुरा झालेला पनामा कालवाही गोथल्स या वेस्ट पॉइंटच्याच इंजिनिअर अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बांधला गेला.

या गुणांवरून वर्गातला क्रम ठरायचा. आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. रॉबर्ट ली १८२९ मध्ये वर्गात दुसरा आला आणि चार वर्षांत त्याच्या नावावर शिस्तभंगाची एकही नोंद झाली नाही. युलिसिस ग्रँट १८४३ च्या वर्गात ३९ जणांत एकविसावा होता. यादवी युद्धाच्या शेवटी, ९ एप्रिल १८६५ रोजी, ॲपोमॅटॉक्सच्या एका घरात लीनं ग्रँटपुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. त्या दिवशीचा ग्रँट बघण्यासारखा आहे. अंगात साध्या शिपायाचा कोट, बुटांना चिखल. त्यानं हरलेल्या सैनिकांना घोडे घरी न्यायची परवानगी दिली, कारण समोर नांगरणीचा हंगाम होता. उपाशी शत्रूला शिधा पाठवला आणि आपल्या फौजेनं विजयाच्या तोफा डागायला सुरुवात केली, ती थांबवली. वर्गातल्या एकविसाव्या नंबरात यातलं काहीच दिसलं नव्हतं.

आयझेनहॉवर १९१५ च्या वर्गात १६४ जणांत एकसष्टावा. या एका वर्गातून ५९ जनरल निघाले, म्हणून अमेरिकेत तो वर्ग अजून आठवला जातो. पॅटन पहिल्या वर्षी गणितात नापास झाला आणि त्याला ते वर्ष पुन्हा करावं लागलं. पण खालचा नंबर म्हणजे मोठेपणाची खूण असंही समजू नकोस. १८६१ च्या जूनमधल्या वर्गात अगदी शेवटी आलेला कस्टर पुढे १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला उतावळेपणानं लढाईत शिरला आणि आपल्याबरोबरची अख्खी तुकडी गमावून बसला. मॅकआर्थर १९०३ मध्ये पहिला आला आणि खरोखरच मोठा सेनानी झाला. दुसऱ्या महायुद्धात सगळ्या अमेरिकन सेनेचा गाडा ज्यानं हाकला तो जॉर्ज मार्शल तर वेस्ट पॉइंटचा नव्हताच. थोडक्यात, नंबर तुझी त्या दिवसापर्यंतची तयारी सांगतो. पुढचं काहीही सांगत नाही.

मग त्या संस्थेत घेण्यासारखं काय आहे? पहिल्या वर्षाच्या कॅडेटला वरिष्ठानं काही विचारलं तर तिथे चारच उत्तरं द्यायची मुभा असते. होय सर. नाही सर. सर, मला समजलं नाही. आणि, काही सबब नाही, सर. बूट चमकत नसले, पाऊस होता म्हणून, कोणी पाय दिला म्हणून, असलं काही बोलायचं नाही. ऐकायला हे जाचक वाटतं आणि कधीकधी ते असतंही. पण अठराव्या वर्षी बुटांसाठी ज्याला सबब सांगता येत नाही, त्याला पन्नासाव्या वर्षी हजारो माणसांच्या जिवाबद्दलही सबब सांगता येऊ नये, हा त्यामागचा विचार आहे.

तो विचार जिथे उतरला ते एक चिटोरं मी तुला जवळून दाखवतो. जून १९४४. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दीड लाखाहून जास्त सैनिक उतरवायचे होते, हवा बिघडलेली होती आणि हल्ल्याचा हुकूम आयझेनहॉवरनं दिला होता. आता त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. तेव्हा त्यानं एका छोट्या कागदावर पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या. हल्ला फसला तर जाहीर करायचं हे निवेदन. मनावरचा ताण इतका, की तारीख लिहिताना जूनऐवजी जुलै पडला. आधी त्यानं लिहिलं होतं, की सैन्य मागे घेण्यात आलं आहे. ते खोडलं आणि लिहिलं, की मी सैन्य मागे घेतलं आहे. सैनिकांनी, वैमानिकांनी, नौदलानं शर्थ केली. दोष असेलच तर तो एकट्या माझा, असा शेवट केला आणि ‘एकट्या माझा’ याखाली रेघ ओढली. कागद पाकिटात ठेवला. हल्ला यशस्वी झाला आणि तो वाचायची वेळ आली नाही. मनू, विजयाची भाषणं कोणीही लिहून ठेवील. पराभवाची जबाबदारी आदल्या दिवशी स्वतःच्या नावावर लिहून ठेवणारा माणूस मला तरी जगातल्या थोर सेनापतींमध्ये बसवावासा वाटतो.

ग्रँटनंही हेच केलं. ३ जून १८६४ रोजी कोल्ड हार्बरला त्यानं दिलेल्या हल्ल्याच्या हुकमात हजारो माणसं पडली आणि हाती काहीच लागलं नाही. कॅन्सरनं घसा धरलेला असताना त्यानं आठवणी लिहिल्या, तेव्हा त्या हल्ल्याचा आपल्याला कायम पश्चात्ताप वाटत आला, हे स्वतःच्या हातानं नोंदवून ठेवलं.

आता त्या तारखेकडे ये. १६ मार्च १९६८. ॲकॅडमीच्या स्थापनेचा दिवस. त्या दिवशी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र बायका, मुलं, म्हातारी माणसं मारली. त्या सैनिकांच्या डिव्हिजनचा प्रमुख होता सॅम्युअल कोस्टर, वेस्ट पॉइंटचा पदवीधर. प्रकरण दाबलं गेलं आणि तोच कोस्टर त्याच वर्षी वेस्ट पॉइंटचा सुपरिंटेंडंट झाला. मुलांना सबब न सांगायला शिकवणाऱ्या संस्थेच्या सर्वोच्च खुर्चीत तो बसला. प्रकरण उघडकीला आल्यावर १९७० मध्ये त्याला ती खुर्ची सोडावी लागली. खटला पुढे चालला नाही, पण हुद्दा उतरवला गेला आणि पदक काढून घेतलं गेलं. आणि त्या दिवशी माय लायला माणुसकी कोणी दाखवली? ह्यू थॉम्प्सन नावाच्या तरुण हेलिकॉप्टर वैमानिकानं. त्यानं आपलं हेलिकॉप्टर गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मधोमध उतरवलं, लोकांना बाहेर काढलं आणि वर जाऊन तक्रार केली. तो वेस्ट पॉइंटचा नव्हता. ॲकॅडमी सद्सद्विवेक घडवू शकत नाही, फक्त त्याला सराव देते. तो घरून न्यावा लागतो आणि रोज जपावा लागतो.

आता खास तुझ्यासाठी, मुलगी म्हणून जाणाऱ्या तुझ्यासाठी, एक गोष्ट. १९३२ मध्ये बेंजामिन डेव्हिस हा कृष्णवर्णीय मुलगा वेस्ट पॉइंटला दाखल झाला. त्याच्या आधी, १८७७ मध्ये, गुलामीत जन्मलेला हेन्री फ्लिपर तिथून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला होता. पाचच वर्षांत कोर्ट मार्शल करून त्याला लष्करातून काढलं गेलं आणि त्याला माफी मिळाली ती थेट १९९९ मध्ये, मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. डेव्हिसच्या वेळी इतर कॅडेटांनी ठरवलं, की याच्याशी बोलायचं नाही. कामापुरतं सोडून कोणी एक शब्द बोललं नाही. खोलीत तो एकटा, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांत बसून एकटा. हे चार वर्षं चाललं. त्यानं संस्था सोडली नाही. २७६ जणांत पस्तिसावा येऊन तो बाहेर पडला, महायुद्धात कृष्णवर्णीय वैमानिकांच्या प्रसिद्ध तुकड्यांचं नेतृत्व केलं आणि अमेरिकन हवाई दलातला पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला. २०१७ मध्ये वेस्ट पॉइंटनं कॅडेटांच्या राहण्याची नवी इमारत उघडली, ती त्याच्या नावानं. संस्थेला स्वतःची चूक कबूल करायला ऐंशी वर्षं लागली. डेव्हिसचं धैर्य मला वंदनीय वाटतं, पण मला राहून राहून छळतो तो दुसरा प्रश्न. चार वर्षांत त्या शेकडो मुलांपैकी एकालाही त्याच्या शेजारी बसून बोलावंसं का वाटलं नाही? खोटं बोलू नका, फसवू नका, चोरी करू नका आणि करणाऱ्याला पाठीशी घालू नका, असा तिथला नियम. पण क्रूरपणाकडे डोळेझाक करायला तो आड आला नाही.

मुलींना तिथे १९७६ मध्ये प्रवेश मिळाला. पहिल्या तुकडीत ११९ जणी गेल्या, त्यातल्या ६२ जणी १९८० मध्ये पदवी घेऊन निघाल्या. खडकवासल्याचं दार २०२२ मध्ये उघडलं आणि पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये संचलन करत बाहेर पडल्या. त्यांनी वाट मळली आहे, तरी ती अजून अरुंद आहे. कोणी तुला गप्प करायचा प्रयत्न केला तर डेव्हिस आठव. आणि तुझ्या शेजारी दुसऱ्या कोणाला गप्प केलं जात असेल तर डेव्हिसच्या वर्गातली मुलं आठव, आणि त्यांच्यासारखी वागू नकोस.

शेवटचं, निष्ठेबद्दल. १८६१ मध्ये देश फुटला तेव्हा लीला उत्तरेच्या सैन्याचं नेतृत्व देऊ केलं होतं. त्यानं आपल्या व्हर्जिनियाची बाजू धरली आणि राजीनामा दिला. जॉर्ज थॉमसही व्हर्जिनियाचाच, वेस्ट पॉइंटचाच. त्यानं देशाच्या राज्यघटनेची शपथ मोडली नाही. बहिणींनी त्याच्याशी नातं तोडलं, तरी नाही. लीची हुशारी, त्याचं सौजन्य सगळं मान्य करूनही मी थॉमसला वरचा मानतो. मॅकआर्थरनं कोरियाच्या युद्धात राष्ट्राध्यक्षांच्या धोरणाला उघड विरोध केला, तेव्हा ११ एप्रिल १९५१ रोजी ट्रूमननी त्याला पदावरून दूर केलं आणि इतका लोकप्रिय सेनापती तो हुकूम मानून घरी आला. ब्याऐंशीव्या वर्षी, मे १९६२ मध्ये, तो वेस्ट पॉइंटच्या मुलांपुढे उभा राहिला आणि त्यांना सांगून गेला, की राज्यकारभाराचे वाद इतरांनी घालायचे असतात, तुमचं काम ते नव्हे. जी लोकशाही आपल्या विजयी सेनापतीला घरी पाठवू शकते तीच खरी सुरक्षित असते. आपल्या देशानंही हे कसोशीनं जपलं आहे. पुढे तू शपथ घेशील ती संविधानाची, कोणा साहेबाची नव्हे.

तेव्हा नंबराचं दुःख इथेच सोडून जा. चूक झाली तर सबब सांगू नकोस, चुकीचा हुकूम दिसला तर तोंड बंद ठेवू नकोस आणि एकट्या पडलेल्या माणसाला एकटं राहू देऊ नकोस. एवढं केलंस तर कितव्या नंबरवर होतीस हे पुढे कोणी विचारणारही नाही.

तुझा,
मामा