किती टनाचा बसवायचा?

“खोली बारा बाय दहाची हाय. एक टन बास की, सायेब!” म्हसवडला कुठल्याही पतसंस्थेत सर्व्हर रूम बघायला गेलं की वायरमन आधी हेच सांगतो. चौरस फुटांवरून टन काढायचा हिशोब झोपायच्या खोलीचा. इथं वीज मोजायची. यंत्रानं ओढलेला वॅट न् वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरतो.

यंत्रामागच्या पाटीवरचे आकडे मी धरत नाही, ते कमाल असतात. यूपीएसच्या इनपुटच्या फेज वायरला क्लॅम्प मीटर लावतो, म्हणजे यूपीएसचा स्वतःचा तोटाही त्यातच येतो. समजा नऊ अँपिअर आले. २३० व्होल्टला साधारण २,००० वॅट. दिवे आणि एक माणूस, १५०. मग स्लॅब. एप्रिलात माणदेशात दिवेलागणीलाही स्लॅबला खालून हात लावला तर ऊब लागते. त्याचे आणि पश्चिमेच्या भिंतीचे हजारभर. बेरीज ३,१५०, एक टन म्हणजे ३,५०० वॅट.

मग वायरमनचंच खरं? नाही. एसीचा टन बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. पारा चाळिशीपार गेला, आउटडोअरच्या जाळीत माती बसली, की तो घटतो. कोरड्या हवेचा फायदा एवढाच, की हवेतलं पाणी काढण्यात एसीची ताकद फारशी जात नाही. म्हणून मी दीड टन लिहितो, आणि दोन नग, आलटूनपालटून चालवायला.

१९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली ती याच गावात. बचतीतले पैसे काढायला आलेल्या बाईला कुठल्याही खिडकीवर ‘सिस्टिम बंद आहे’ ऐकावं लागलं, तर तिचा बाजार बुडतो. आणि सिस्टिम बंद पडते ती बहुधा लाइट गेल्यावर. सर्व्हर यूपीएसवर चालूच, एसी मात्र थंड. खोलीतली हवा जेमतेम चाळीस किलो. नुसती तीच तापायची तर २,००० वॅटला अंशामागे वीस सेकंद पुरतात. भिंती थोडं झेलतात, पण हाताशी राहतात ती मिनिटंच.

“बॅकअप दोन तासांचा आहे,” असं कौतुकानं सांगितलं गेलं की मी विचारतो, एसी जनरेटरवर घेतलाय का? बहुतेकदा तिथं साहेबांची केबिन असते. म्हणून माझ्या अंदाजपत्रकाची शेवटची ओळ जनरेटरच्या केव्हीएची, एसी सुरू होतानाचा झटका धरून. तेवढे पैसे नसतील, तर सर्व्हर नीट बंद करता येतील एवढीच बॅटरी घ्या.