पडीक

पहिलंच सांगतो, मी इतिहासकार नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो. धागा तुटला की जोडायचा, हे माझं काम. शाळा दहावीपर्यंत, तीही पोटामागं धावत. मोडी लिपी मी आपली आपण शिकलो, जुन्या बाजारात मिळालेल्या फाटक्या पुस्तकावरून. 2023 साली कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. गिरणीला गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी मीही चार-दोघांना जुने कागद वाचून दिले. ही बातमी गावी पोचली आणि बागायतदाराच्या नातवानं मला बोलावून घेतलं.

आमचं गाव बारामती तालुक्यात, नीरेच्या डाव्या कालव्यावर. नाव लिहीत नाही. लिहिलं तर वाद गावाचा होईल, आणि मला तो कागदाचा करायचाय.

नातू माझ्याच वर्गातला. त्यानं मला घरात बसवून कपात चहा दिला. कपाचं मुद्दाम सांगतो, कारण त्याच ओसरीखाली माझ्या आज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. नातू म्हणाला, "आमच्या सगळ्या भावकीचा मेळावा घ्यायचाय. खापरपणजोबांची पुस्तिका काढायची. तू लिवतोस, मोडी बी वाचतोस. तूच लिही. पैशे देतो."

मग त्यानं घरात चालत आलेली गोष्ट सांगितली. खापरपणजोबा सासवडहून आले. एक बैलगाडी, दोन बैल आणि उसाचा चरक. इथं नुसता माळ होता, निवडुंग आणि तरवड. जमीन पडीक, कुणाची नव्हती. त्यांनी ती फोडली, पहिला ऊस लावला. पहिला मळा कोणता, मी विचारलं. तो म्हणाला, "हाडोळा. कालव्याला लागून हाय बघ, आमचं सगळ्यात भारी रान. हाडोळा का म्हणत्यात कुणाला ठाऊक. हाडं निघाली असतील नांगरताना."

मी चहा पिऊन टाकला. काही बोललो नाही.

मित्रांनो, तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा हाडकी-हाडोळा म्हंजे काय. महार वतनाची जमीन. गावची सगळी कामं, सरकारी कामं, मढ्याचा सांगावा, साहेबाच्या घोड्याचं गवत, हे सगळं करायचं आणि त्याच्या बदल्यात हा तुकडा.

पण मी काम इमानानं करायचं ठरवलं. आलेल्या माणसाचा माग आधी त्याच्या बाजूनं काढला.

जमीन पडीक होती हे खोटं नव्हे. पण पडीक का पडली? 1830 च्या सुमारास कंपनी सरकारच्या प्रिंगल साहेबानं आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात मोजणी करून सारा बसवला. विलायतेत शिकलेल्या अर्थशास्त्राच्या हिशोबानं निव्वळ उत्पन्न काढलं आणि त्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा सरकारचा ठरवला. कागदावर हिशोब बरोबर, रानात चूक. लोक सारा देऊ शकले नाहीत. गावं सोडून गेले. मग 1835 पासून गोल्डस्मिड, विंगेट आणि नॅश या साहेबांनी इंदापूरची पुन्हा मोजणी केली, सारा उतरवला आणि तो 30 वर्षं कायम ठेवला. हाच कित्ता पुढं मुंबई इलाखाभर गिरवला गेला. आज आपण गुंठा म्हणतो ती 33 फुटी साखळीच्या चौरसाची मोजणी. अशा मोजणीत साहेबाला गावची शीव दाखवणारा माणूस कोण? महार. शिवेच्या भांडणात त्याचा शब्द शेवटचा मानत. शीव दाखवणाऱ्याच्या नावाची मात्र साधी ओळ नाही.

मग 1876-77 चा दुष्काळ. दुष्काळी कामातून नीरेच्या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि 1885 साली पाणी सुटलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की आपली माणसं त्या मातीकामावर होती. पुढं 1892 साली भाटघरचं धरण पुरं झालं आणि पाण्याची खात्री वाटायला लागली.

पण पाणी आलं म्हणून लगेच ऊस आला नाही. इथला कुणबी ज्वारी-बाजरीचा माणूस. कालव्याची पाणीपट्टी त्याला परवडेना. पाऊस चुकला तरच तो पाणी मागायचा. उसाला बारा महिन्यांच्या वर पाणी पाहिजे, पेंड पाहिजे, मेंढ्या बसवायला पाहिजेत, गुळाला पुण्याची पेठ माहीत पाहिजे. हे ज्ञान सासवडच्या माळ्यांकडं होतं. कऱ्हेकाठी विहिरीवर बागायत करून त्यांचे हात तयार झालेले. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं खानवडी सासवडजवळच. 1883 साली जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला, त्यात पाटबंधारे खात्यालाही सोडलं नाही. ही माणसं कालव्याच्या कडेकडेनं खाली उतरत आली. इथल्या लोकांच्या जमिनी खंडानं घेतल्या, चरक उभे केले, गुऱ्हाळं पेटवली. 1914 साली दौंड-बारामती रेल्वे झाली, गुळाच्या ढेपांना वाट मिळाली. त्यातलेच पुढं सोलापूर जिल्ह्यात गेले आणि 1932 साली माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. कष्टाची माणसं होती. हे मी त्या पुस्तिकेत तीन पानं भरून लिहिलं. मनापासून लिहिलं.

आता रेकॉर्डरूम. चार गुरुवार गेले. पहिल्या दिवशी साहेब नाही, दुसऱ्या दिवशी किल्ली नाही. तिसऱ्या गुरुवारी एका शिपायानं दया दाखवली. कापडात बांधलेलं बाड, वाळवीनं कडा खाल्लेल्या. चौथ्या गुरुवारी पान सापडलं.

हाडोळ्याचा सर्व्हे नंबर. कालव्याकडची बाजू. धारण करणाराच्या रकान्यात लिहिलंय, महार लोक, वतन. खाली चार नावं. आडनाव नाही. नाव, बापाचं नाव, पुढं जात. वहिवाटदाराच्या रकान्यात सासवडकर खापरपणजोबा. मोडीचं वळण सुरेख, कारकून हुशार असणार. शेऱ्यात लिहिलं होतं की जमीन खंडानं दिली, खंड सालाला रोख काही रुपये आणि दर गुऱ्हाळाला गुळाची एक ढेप.

चारातलं तिसरं नाव माझ्या पणज्याच्या बापाचं.

मी ते नाव तीनदा वाचलं. शिपाई म्हणाला, "मिळालं का काय हवं ते?" मी म्हटलं, "मिळालं."

घरी आलो. आजी ऐंशीच्या पुढची. तिचं लग्न बाराव्या वर्षी झालं, 1953 साली. तिला विचारलं, "आजे, गुऱ्हाळावर ढेप मिळायची का गं आपल्याला?"

ती हसली. "मिळायची की लेकरा. सासू आन् मी जायचो. चुलवाणापसनं लांब हुबं ऱ्हायचं. काहील उतरली, साच्यात गूळ घातला, ढेप गार झाली, की गुळव्या हाळी मारायचा. पदर पसरायचा. वरनं टाकायची. एकदा पदर फाटला आन् ढेप मातीत. तशीच उचलली. सासू म्हनायची, मालक दयाळू हाय, दर गुऱ्हाळाला न चुकता देतो."

"आणि मग बंद कधी झाली?"

"आमीच बंद केली!" म्हातारी ताठ बसली. "बाबासायबांनी दीक्षा दिली ना 1956 ला. तुझा पणजा म्हनला, आजपसनं बलुतं न्हाई, मेलेलं ढोर न्हाई, कुनाच्या गुऱ्हाळावर पदर पसरायचा न्हाई. मालकाचा गडी ढेप घिऊन आला तर तुझ्या पणज्यानं ती परत धाडली."

आजीच्या डोळ्यांत तो दिवस अजून चमकत होता. आता मी काय सांगणार होतो तिला? ती ढेप भीक नव्हती. ती खंड होती. आम्ही आमच्याच जमिनीच्या खंडासाठी पदर पसरून उभे होतो, आणि स्वाभिमान आला त्या दिवशी आम्ही भीक समजून तो खंडच परत केला.

पणज्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. म्हणणार नाही. त्यानं जे केलं त्याच्यावर आज मी ताठ उभा आहे. त्याला कागद वाचता येत नव्हता एवढंच. आणि ज्यांना येत होता त्यांनी त्याला सांगितलं नाही.

पुढचं तुम्ही ओळखाल. 1950 च्या दशकात माळेगावला, भवानीनगरला सहकारी कारखाने उभे राहिले. ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळं विझली. ढेपेची आठवणसुद्धा उरली नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात वतन सुधारणेचं बिल मांडलं होतं, या वतनाच्या गुलामीतून सोडवण्यासाठी. ते तेव्हा पास झालं नाही. वतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं, तो 1959 साली अमलात आला. ठरलेली रक्कम भरली की जमीन वतनदाराच्या नावानं परत मिळायची, नव्या शर्तीनं. पण वतनाची जमीन कायदेशीर खंडानं दिलेली असेल तर तिला कूळ कायदा लागू. कसेल त्याची जमीन. चांगलाच कायदा, आपणच त्याच्या घोषणा दिल्या. फक्त आमच्या पानावर कूळ होते बागायतदार आणि जमीनमालक होते चार महार, ज्यातल्या एकाची सून गुऱ्हाळावर पदर पसरून उभी होती!

फेरफाराच्या नोंदीत शेरा आहे, वतनदार गावी हजर नाहीत. बरोबर आहे. माझा आजा तेव्हा मुंबईच्या गिरणीत होता. 1982 च्या संपानंतर परत आला तो खोकला घेऊन. आणि हाडोळ्यातच मजुरीनं ऊस तोडायला गेला.

हे सगळं मी पुस्तिकेत लिहिलं. शिव्या नाहीत, एकसुद्धा नाही. चार नावं, खंड, ढेप. वही नेऊन दिली. नातवानं उभ्याउभ्याच वाचलं, चेहरा उतरला. म्हणाला, "आमच्या खापरपणज्यानं कष्ट केले नाहीत का?"

"केले. आधीच्या तीन पानांवर तेच लिहिलंय."

"मग हे कशाला?"

तेवढ्यात आतून म्हातारे तात्या आले, त्याचे आजोबा. त्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हाडोळ्याची ढेप म्हणायचा माझा आजा. बाकी कुणाला चुकली तर चालंल, ही चुकवायची न्हाई म्हणायचा. का ते आमाला सांगितलं न्हाई."

मी विचारलं, "तात्या, परत आलेली ढेप तुम्ही बघितली होती का?"

"बघितली. आईनं म्हशीपुढं टाकली."

पुस्तिका निघाली. गुळगुळीत कागद, खापरपणजोबांचं रंगीत चित्र. माझी तीन पानं जशीच्या तशी आहेत. चौथं नाही. तिथं एक ओळ आहे, 'पडीक माळरानातून त्यांनी नंदनवन फुलवले.' पैसे नातवानं पाकिटात घालून दिले होते. तीन पानांचे घेतले, चौथ्याचे परत केले. या वेळी मात्र काय परत करतोय ते वाचून परत केलं.

मित्रांनो, आपल्याला वंशावळ नाही असं आपण म्हणतो. आपली वंशावळ दुसऱ्याच्या सातबाऱ्याच्या पोटात आहे. गावात हाडोळा, महारकी अशा नावाचं रान आहे का बघा. रेकॉर्डरूममध्ये इनाम वर्ग 6 ब मागा. शिपाई तीनदा परत पाठवील, चौथ्यांदा जा. मोडी अवघड नाही, गिरणीच्या दोन पाळ्यांमध्ये मी शिकलो. जमीन परत मिळेल न मिळेल, ते कोर्ट बघेल. पण आजीला मी अखेर सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे सासूनं उगाच वाकून घेतलं व्हय रे ते?"

नकलेसाठी मी अर्ज केलाय. येत्या गुरुवारी पुन्हा जायचंय.

जय भीम.