एकाच वारेवरच्या दोघी

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी मिरजेत झाली. जुळी आहेत, एकाच वारेवर आहेत, म्हणजे एकाच बीजाची, हे आधीच कळलं होतं. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, एका बाळाचा वरचा ओठ दुभंगलेला आहे, दुसऱ्याचा डावा पाय घोट्यात आत वळलेला.

सासरी, कोरेगावला कळल्यावर आत्याबाईंचा पहिला प्रश्न, "गिराणात इळीवर बसली व्हतीस का गं?" तासगावला आईनंही तेच विचारलं. रात्रभर रडले मी. पण ग्रहण लागलं असेल तर दोघांना एकच लागलं असणार ना? पोट एक, माझा घास एक. मग एकाचा ओठ आणि दुसऱ्याचा पाय कसा?

डॉक्टरांनी नीट समजावलं. बीज फुटून दोन होताना पेशींची वाटणी सारखी होतेच असं नाही. पुढे एकाच बाळाच्या जनुकात नवा बदल होऊ शकतो. वारेतून मिळणारं रक्तही कमीजास्त असतं. एकसारख्या जुळ्यांत एकाचा पाय वळलेला असला, तरी दुसऱ्याचा तसाच असण्याची शक्यता साधारण तिनात एक. आणि ओठ जुळायचा तो दुसऱ्या महिन्यातच, दिवस गेल्याचं जेमतेम कळतं तेव्हा.

मुली झाल्या. थोरलीची टाळूही फाटलेली, तिला ओढता येईना. बसतं धरून बोंडल्यानं थेंबथेंब पाजायचं. दूध नाकातून यायचं, पुसायचं, पुन्हा पाजायचं. महिन्याभरात ते बोंडलं आत्याबाईंनीच हातात घेतलं. माझ्यापेक्षा त्यांचा हात स्थिर होता. धाकटीचं प्लास्टर दर आठवड्याला बदलायचं, मग टाचेच्या शिरेला बारीकशी चीर, मग दांडीला जोडलेले बूट, तीन महिने रोज २३ तास. थोरलीचा ओठ तीन महिन्यांनंतर शिवला, टाळू वर्षाच्या सुमारास.

पोटात जुळी असतील आणि एकात दोष दिसला, तर दुसऱ्याचीही स्वतंत्र, बारकाईनं तपासणी करून घ्या. हृदयाचीही, कारण एका वारेवरच्या जुळ्यांत हृदयाचे दोष जास्त आढळतात. फाटलेला ओठ, टाळू, वळलेला पाय हे सगळं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतं. २०१३ साली तो आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. उपचार मोफत असतात, आशाताईंना विचारा. आणि अशा बाळाच्या आईला ग्रहणाचं मात्र विचारू नका.