खासगी पत्रं आणि गायब होणारे मेसेज

मानपाडा रोडला राहणारा माणूस आरमारावर पोस्ट का लिहितोय? सांगतो.

दोन वर्षांपूर्वी इथल्या एका रस्त्याच्या खोदकामाबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. फाईल मिळाली. सगळं महत्त्वाचं एका ओळीत : 'चर्चेप्रमाणे मंजूर.' चर्चा कुणाची, कधी, काय झाली? कर्मचारी हसत म्हणाले, "साहेब, ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं."

मला तेव्हा ब्रह्मेंद्रस्वामी आठवले.

धावडशीचे हे स्वामी बाजीराव पेशव्यांचे गुरू. पण नुसते गुरू नाहीत, सावकारही. कान्होजी आंग्र्यांचं घराणंही त्यांना मानायचं. त्यामुळे एकीकडे पेशवे, दुसरीकडे आरमाराचे सरखेल आणि मध्ये स्वामींचा पत्रव्यवहार. पारसनीस, राजवाडे यांच्यासारख्यांनी तो छापून ठेवला म्हणून आज आपल्याला वाचता येतो.

त्यात काय दिसतं? उत्तर हिंदुस्थान हादरवणारा बाजीराव स्वामींना लिहितो की, देणेकऱ्यांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली. बखरीत हा बाजीराव भेटत नाही.

आंग्र्यांचंही तसंच. कान्होजी 1729 मध्ये गेले, सेखोजी 1733 मध्ये. मग मानाजी आणि संभाजी या भावांत जुंपली. 1735 मध्ये बाजीरावांनी वाटणी केली : कुलाबा मानाजीकडे, सरखेलपद संभाजीकडे. कागदावर भांडण मिटलं. पण एक आरमार दोन झालं. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं इतकं बिनसलं की 1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गाखाली तुळाजीचं आरमार जळून गेलं. कल्याणच्या खाडीतून शिवरायांनी सुरू केलेल्या कामाचा असा शेवट आपल्याच माणसांच्या हातून झाला.

सनद सांगते काय ठरलं. का ठरलं, कुणाचं कर्ज होतं, कुणाचा राग होता, ते पत्रं सांगतात. स्वामी स्वतःही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांच्या पत्रांत उपदेशाइतकीच वसुली आहे. पण कागद उरला, म्हणून तेही आज आपल्याला तपासता येतात.

आज आपल्या भागाचे निर्णय जिथे ठरतात, तिथे मेसेज चोवीस तासांत आपोआप पुसले जातात. उरते ती एक ओळ, 'चर्चेप्रमाणे मंजूर'. तीनशे वर्षांपूर्वीच्या पेशव्याचं कर्ज मला कळतं, पण माझ्या दारातला रस्ता कुणाच्या सांगण्यावरून खोदला ते कळत नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या सोसायटीची, वॉर्डाची जुनी पत्रं, अर्ज, पोचपावत्या रद्दीत टाकू नका. आणि नवीन मागणी करताना तोंडी बोलून येऊ नका. लेखी द्या, पोच घ्या, आणि उत्तरही लेखीच मागा.