कॅमेरे उतरवायला हवेत

जंगलात आपण कॅमेरा कुठे बांधलाय ही शिकाऱ्याची खासगी बाब आहे, असं माझं ठाम मत होतं. जागा कुणाला सांगायची नाही, कुणी विचारायची नाही आणि सरकारने तर त्यात अजिबात नाक खुपसायचं नाही. 2021च्या जूनमध्ये ॲरिझोनाच्या गेम अँड फिश कमिशनने शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, वापरायला बंदी घातली. 1 जानेवारी 2022 पासून ती लागू झाली, तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये बसून मी त्या पाच सदस्यांच्या नावाने बोटं मोडत होते. आज त्यांचं म्हणणं मला बरंचसं पटतं.

आधी एक खुलासा. मी मूळची वर्ध्याची, आणि हो, मी हरणाची शिकार करते. परवाना काढून, हंगामात, आणि मारलेलं खाते. आईला हे अजून पचलेलं नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

कॅमेरा बांधणं सोपं असतं. उत्तरेकडे तोंड ठेवायचं म्हणजे ऊन समोरून येत नाही. जनावराच्या वाटेला तिरका लावायचा, नाहीतर फोटोत नुसती शेपटी येते. समोरची फांदी छाटायची, नाहीतर उन्हात तापलेलं पान वाऱ्याने हललं की फोटोंचा ढीग पडतो. अवघड असतं ते कुठे बांधला हे लक्षात ठेवणं. ऑगस्टमध्ये सगळीकडे हिरवी भिंत असते. नोव्हेंबरात पानं गळली की तीच जागा अनोळखी वाटते. दाट झाडीत फोनचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे सरकतं आणि तेवढ्यात सारखे दिसणारे डझनभर ओक असतात. म्हणून मी नकाशावरच्या प्रत्येक खुणेसाठी वहीत एक ओळ लिहायची : ओढ्याच्या वळणापासून वर, जोड खोडाचा मेपल, गुडघ्याच्या थोडं वर, तोंड उत्तरेला. शिवाय सेल कधी बदलले, कार्ड कधी काढलं, त्या दिवशी वारा कुठून होता. नोकरीही आकड्यांचीच, त्यामुळे आमच्या चौघांच्या गटाचा हा हिशेब आपसूक माझ्याकडे आला आणि मला त्याचा गर्वही होता.

माझं मत बदललं ते या हिशेबानेच.

आम्ही जातो ती जमीन सार्वजनिक आहे. तिथे इतरांचेही कॅमेरे असतात. त्यांच्यासमोरून उगाच जायला नको म्हणून मी त्यांच्याही खुणा वेगळ्या रंगात टाकायला लागले. दरवर्षी तो दुसरा रंग वाढत गेला. हरणं जिथे ओढा ओलांडतात अशा एका उतारावर तर चारी दिशांनी कॅमेरे आले. वरून पाहिलं की हरणांच्या वाटा दिसेनाशा झाल्या आणि माणसांच्या दिसायला लागल्या. गुपित म्हणून मी जे जपत होते, ते त्या उतारावर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

मग मी तारखा लावून पाहिल्या. आम्ही कार्ड बदलून आलो की मोठ्या शिंगांच्या नराचे दिवसाउजेडीचे फोटो काही दिवस बंद. तो यायचा, पण मध्यरात्रीनंतर. जुने शिकारी हे सांगतच असतात. बुटांचा वास मागे राहतो आणि वय झालेलं हरीण तो ओळखतं. फक्त आमच्याबाबतीत ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. हरणाला शोधायला ठेवलेली वही, हरीण आम्हाला कसं टाळतं ते सांगत होती.

यावर बाजारात उपाय आहे. सिम कार्डाचा कॅमेरा फोटो थेट फोनवर पाठवतो, जायलाच नको. आम्ही तोही घेतला, आणि खरं सांगायचं तर मी सर्वांत जास्त अस्वस्थ झाले ती याने. मॅडिसनमध्ये ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेली असताना मला कळत होतं की तो नर या क्षणी ओढ्यावर उभा आहे. याला शिकार म्हणायचं? थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब अशा ताज्या माहितीच्या आधारे मारलेलं जनावर न्याय्य शिकारीत धरत नाही. पूर्वी मला तो म्हाताऱ्यांचा सोवळेपणा वाटायचा.

नागपूरला गेले असताना मावसभावाशी याविषयी बोलणं झालं. त्याने व्याघ्रगणनेत कॅमेरे बांधलेले आहेत. 2018च्या गणनेत देशभरात 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. जंगलाचे दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे आणि कॅमेरे जोडीने समोरासमोर लावायचे, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात. प्रत्येक जागेची नोंद होते, आणि चोरट्या शिकाऱ्यांच्या हाती लागू नये म्हणून ती जाहीर करत नाहीत. माझं सगळं ऐकून घेऊन त्याने विचारलं, “मग तुम्ही काढता कधी?” आम्ही काढतच नव्हतो. गणना संपली की तिथले कॅमेरे उतरतात, कारण प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं. आमचा प्रश्न कधी संपतच नव्हता.

ॲरिझोनाची कारणं विस्कॉन्सिनला जशीच्या तशी लागू होत नाहीत, हे मान्य. तिथे पाणवठे मोजके, त्यामुळे एकेका पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची गर्दी आणि त्यावरून शिकाऱ्यांमध्ये भांडणं. इथे पाण्याला तोटा नाही. म्हणून वर्षभराची सरसकट बंदी मला आजही नको आहे. स्वतःच्या शेतावर कुणी काहीही बांधावं. विस्कॉन्सिनच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा ‘स्नॅपशॉट विस्कॉन्सिन’ हा उपक्रम तर मला मनापासून आवडतो. त्यात लोकांनी लावलेल्या कॅमेऱ्यांतून राज्याला वन्यजीवांची माहिती मिळते. पण सार्वजनिक जमिनीवर, शिकार चालू असताना, शिकारीसाठी लावलेला कॅमेरा नको. नेव्हाडाने हे केलेलं आहे. तिथे सार्वजनिक जमिनीवर 1 ऑगस्टपासून 31 डिसेंबरपर्यंत कॅमेरे चालत नाहीत. उन्हाळ्यात हवं तेवढं पाहून घ्या, नंतर पाय आणि डोळे वापरा.

आमच्या गटाची यादी आता चौघांकडेही असते आणि एक छापील प्रत केबिनच्या दारामागे लावलेली असते. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो, त्याआधी प्रत्येक खुणेपुढे ‘उतरवला’ असं लिहिलं जातं. हे सगळ्यांना आवडलेलं नाही. गटातल्या एकाचं म्हणणं असं की, बाकीचे काढत नाहीत तर आपण काढून फायदा काय. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच नियम हवा.

विस्कॉन्सिनमध्ये 1934 पासून कॉन्झर्व्हेशन काँग्रेस आहे. दर एप्रिलला राज्याच्या 72 काउंट्यांमधून शिकार-मासेमारीच्या नियमांवर लोकांची मतं घेतली जातात आणि कुणाही नागरिकाला ठराव मांडता येतो. ते मत सल्ल्यापुरतंच असतं, तरी यंदा मी माझा ठराव लिहून ठेवला आहे : सार्वजनिक जमिनीवरचे शिकारीचे कॅमेरे हंगामापूर्वी उतरवावेत. आमच्या चौघांपैकी दोघे विरोधात मत देणार आहेत.