संगणक नवा की जुना?

ताई अकरावीला गेली, म्हणून घरात संगणक यायचा आहे. महाडला जुना निम्म्या किमतीत मिळतो. आजी म्हणते, "जुनाच घ्या. बैलजोडी काय कोरी करकरीत आणली होती?"

बाबांनी दुकानदाराला पहिले विचारले, "पुरातला नाही ना?" २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले होते. भिजलेले यंत्र वरून सुकते, आत गाळ राहतो आणि गंज चढतो. ताईने विचारले, "विंडोज ११ चालेल का?" कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. फार जुन्यावर अकरा चालत नाही. लिनक्स चालते, तेही फुकट.

मला विचाराल तर जुनाच बरा. उरल्या पैशांत पत्रे बदलून होतील. गळक्या घरात नवा ठेवणार तरी कुठे? बाबा म्हणतात, आधी दुकानदाराने तो समोर उघडून दाखवावा. रविवारी आम्ही सगळे जाणार आहोत.